दिवसा एक मिनिट, रात्री दोन

कोपरी, ठाणे (पूर्व)

प्रिय मोटरमनकाका,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण तुम्ही दीड मिनिटात "बरंय, ठेव आता, बिल येईल" म्हणून ठेवून दिला असता. बिल आता तसं येत नाही, हे तुम्हाला किती वर्षं सांगतेय. म्हणून पत्र, माझं फोनचं वेड उतरवल्याबद्दल आभाराचं. आणि तेही असं सगळ्यांसमोर, कारण बिल्डिंग पाडल्यापासून आपली सोळा बिऱ्हाडं सोळा दिशांना गेलीत. त्यांतल्या कुणाच्या ना कुणाच्या फोनवर हे येईल आणि ते माणूस तुम्हाला चिपळूणला वाचून दाखवेल. म्हणजे फोनचा हाही उपयोग आहे. एक गुण मला.

मी ठाणं चुकले ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. मला खिडकी मिळाली होती, कल्याण फास्टला, लेडीज डब्यात, म्हणजे लॉटरीच. घाटकोपर सुटलं तेव्हा किती वाजले ते बघायला फोन काढला. मान वर केली तेव्हा बाहेर मुंब्र्याचा डोंगर होता. डोंबिवलीला उतरले, पूल चढले, उलटी गाडी पकडली. घरी पोचेपर्यंत पावणेनऊ. लेक साडेसातलाच क्लासहून येऊन कुलूपबंद दारापाशी, जिन्यात दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. तुम्ही तिला घरात नेलंत, आमटी-भात वाढलात आणि वर "आई येईल, गाड्या लेट असतात" असं खोटंही बोललात. गाड्या त्या दिवशी वेळेवर होत्या, हे तुमच्याइतकं नेमकं कुणाला माहीत असणार?

मी दारातच रडायला लागले. काकू असत्या तर त्यांनी पाठीवरून हात फिरवला असता. तुम्ही मात्र चष्मा वर करून खऱ्याखुऱ्या नवलाने विचारलंत, "ठाणं चुकलं? ठाणं कसं चुकतं गं? अर्धा डबा तिथे रिकामा होतो. तुला कुणी ढकलून उतरवलं कसं नाही?"

काका, त्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणून तो मला झेपला. त्याआधी सगळ्यांचे टोमणे आणि सगळे उपाय करून झाले होते. ॲप काढून टाकलं, तीन दिवसांनी परत टाकलं. फोनचा पडदा काळा-पांढरा करून पाहिला, तर मी काळी-पांढरी रीलं बघायला लागले. वेळेची मर्यादा लावली. ती संपली की फोन विचारतो, आणखी 15 मिनिटं हवीत का? हवीतच की! हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. "म्हणजे सिग्नल पण तूच देणार आणि मोडणार पण तूच. छान."

पुढच्या रविवारी तुम्ही जुनी डायरी उघडून माझी चौकशी लावलीत. खरोखरची. रेल्वेत कुणी लाल सिग्नल ओलांडला की होते तशी. फोन कुठल्या स्टेशनला बाहेर आला? त्याआधी हातात काय होतं? दुपारी जेवलीस का? आदल्या रात्री झोप किती? ऑफिसातून निघताना कुणाशी काय बोलणं झालं? मला वाटलं, थट्टा चाललीय. पण उत्तरं देता देता एकेक गोष्ट बाहेर आली. जेवणाचा डबा अर्धा परत आणला होता. रात्री एकपर्यंत रील्स. निघताना साहेबांनी एका हिशोबावरून सगळ्यांदेखत झापलं होतं आणि ते डोक्यात तसंच घेऊन मी गाडीत बसले होते. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "लाल ओलांडला जातो तो लालपाशी नाही. मागे दोन पिवळे गेले, एक पिवळा गेला, तेव्हा माणूस कुठे होता ते बघायचं."

हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. चार खुणा. इतकी वर्षं त्या रुळांवरून रोज जाते, पण लाल दिसायच्या आधी रूळ दोनदा सांगतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आता माझे पिवळे मला पाठ आहेत. उपाशी पोट, अपमान, आणि "किती वाजले बघू". तिसरा सगळ्यांत लबाड. म्हणून तुमच्या सांगण्यावरून मनगटावर घड्याळ आलं, स्टेशनाबाहेरच्या टपरीवरचं, अडीचशे रुपयांचं. एवढ्या सगळ्या उपायांत सर्वांत जास्त गुण ह्या अडीचशे रुपयांचा आहे.

मग तो नियम. ज्या सिग्नलच्या खांबावर 'ए'ची पाटी असते तो ऑटोमॅटिक. तो लाल दिसला की गाडी थांबवायची. दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं उभं राहायचं. तरी बदलला नाही, तर डोळ्यांत तेल घालून, हळूहळू पुढे. तुम्ही म्हणालात, "फोन घेऊ नको असं मी म्हणतच नाही. हात गेला की लाल लागला समज. मिनिटभर थांब. मग घे की."

बंदी नाही, नुसतं मिनिट. पहिल्या दिवशी मी वहीत रेघा ओढल्या. एकतीस वेळा हात गेला. त्यांतल्या एकोणीस वेळा मिनिट संपेपर्यंत आपल्याला फोन कशाला हवा होता तेच आठवेना. उरलेल्या बारांतही खरं काम होतं चारदा. बाकी आठ वेळा घेतला आणि बघितला, खोटं कशाला बोलू. पण मिनिटभर उभं राहून निघालेल्या गाडीला वेग कमी असतो. तासाची वीस मिनिटं झाली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला मान्य करायला लावायला मला महिना लागला. तुमचं म्हणणं, "लक्ष देणाऱ्याचं असतं, यंत्राला काय दोष?" तेव्हा मी तुम्हाला तुमच्याच डेडमॅन हँडलची आठवण करून दिली. मोटरमनने हँडलवरचा दाब सोडला, त्याला चक्कर आली, डुलकी लागली, तर ब्रेक आपोआप लागतो. माणूस भानावर नसेल तर गाडीने थांबायचं, असं ठरवूनच ती बांधलीय. माझ्या हातातलं यंत्र ह्याच्या नेमकं उलटं बांधलंय. मी भानावर नसेन तेव्हाच ते पुढचं दाखवतं. पूर्वी पान संपायचं, खाली 'पुढे' असं बटण असायचं. 2006 साली अझा रास्किन नावाच्या माणसाने ते बटण काढून टाकायची, पान खाली खाली आपणच भरत जाण्याची युक्ती शोधली. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल पस्तावा व्यक्त केला. सीएसएमटीला रूळ संपतात, पुढे गाडी अडवणारा बफर आहे. फोनच्या गाडीला शेवटचं स्टेशनच ठेवलेलं नाही. तुम्ही बराच वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "अशा गाडीला सर्टिफिकेट कोण देतं?"

मग मी जोशात येऊन स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या कबुतरांचंही सांगितलं. दाणा कधी मिळेल, कधी नाही, असं ठेवलं की कबूतर जास्तच चिवटपणे टोचत राहतं, आपण बोटाने पडदा खाली ओढतो तो तसाच. त्यावर तुम्ही म्हणालात, "कबुतरांचं मला सांगू नकोस. आधी ग्रिलवरची घालव."

हात थांबवणं निम्मं काम होतं, हे मला पुढे कळलं. रिकामा झालेला वेळ अंगावर यायचा. पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीला डोळे पुढे आणि मन मागे. मी तर वाचणारी मुलगी होते, काका. कॉलेजात असताना तलावपाळीच्या कठड्यावर बसून अंधार पडेपर्यंत वाचायचे. आणि आता अर्धं पान जड. ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधिकेने माणसं पडद्यावर एका गोष्टीवर किती वेळ टिकतात ते वर्षानुवर्षं मोजलंय. 2004 साली साधारण अडीच मिनिटं, अलीकडच्या काळात सरासरी 47 सेकंद. हे वाचून मला गंमत वाटली ती अशी, की 47 सेकंद म्हणजे स्लो लोकल दोन स्टेशनांवर मिळून उभी राहते जेमतेम तेवढा वेळ. विद्याविहारला चढलेली बाई सीट मिळवायलाही त्याहून जास्त वेळ लक्ष देते.

तुम्ही सांगितलंत, "पुस्तक राहू दे. आधी एलआर कर." लर्निंग रोड. नवा मोटरमन एखाद्या मार्गावर गाडी एकट्याने न्यायच्या आधी दुसऱ्याबरोबर कॅबमध्ये उभा राहून मार्ग पाठ करतो. कुठे चढ, कुठे वळण, कुठला सिग्नल झाडाआड. मला तुम्ही आठवडाभर फक्त खिडकीबाहेर बघायला लावलंत आणि दिसेल ते ओठांतल्या ओठांत म्हणायला. तुम्ही कॅबमध्ये एकटे असायचात, तरी प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने म्हणायचात ना, तसं. डोळ्याने बघितलेलं निसटतं, तोंडाने म्हटलेलं राहतं. जपानच्या रेल्वेत तर बोट दाखवून मोठ्याने म्हणायची रीतच आहे आणि त्याने चुका कमी होतात हे त्यांनी तपासून पाहिलंय. आमच्या डब्यातल्या बायकांनी पहिले दोन दिवस मला नामस्मरण करणारी समजून जागा दिली. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं. आता आम्ही चौघीजणी करतो. भांडुपच्या आधी एका गॅलरीत रोज सकाळी एक आजोबा तुळशीला पाणी घालतात, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

मग पुस्तक. ठाणे ते मुलुंड एक पान, एवढाच करार. मुलुंड आलं की बंद, पुढचं वाचायची इच्छा असली तरी बंद. हे तुमचं नव्हतं, माझं होतं, ह्याचा दुसरा गुण मला. भुकेलं उठायचं. पंधरा दिवसांनी करार भांडुपपर्यंत वाढवला, मग घाटकोपर. शनिवारी पूल ओलांडून पश्चिमेला मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले आणि सभासद झाले. 1893 पासून ते ठाण्यात उभं आहे आणि मी त्याच्या दारावरून फोनमध्ये बघत शेकडो वेळा गेले असेन. कपाटापुढे उभं राहून पुस्तक निवडायला मला चाळीस मिनिटं लागली. कुणी मला काही सुचवलं नाही, "तुम्हाला हेही आवडेल" म्हणालं नाही. इतकं बरं वाटलं.

गणपतीत सगळं कोसळलं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. गावी सगळी भावंडं, प्रत्येकाच्या हातात फोन, मी पण बसले. परत आले ती पहिल्यासारखीच, रात्री एक. आठ दिवस तुमच्या दारासमोरून चप्पल न वाजवता जात होते. तुम्ही जिन्यात गाठलंत आणि विचारलंत, "गाडी यार्डात गेली का?" मी मान खाली घातली. "जाऊ दे की. यार्डात गेलेली गाडी सकाळी परत लागतेच प्लॅटफॉर्मला." दुसऱ्या दिवशीपासून परत मुलुंड. भांडुप नाही, मुलुंड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाच्या बाबतीत 254 पर्यंतचा हिशोब निघाला. तो अभ्यास सवय लावण्याचा आहे, मोडण्याचा नव्हे, पण मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. हे मी वाचलं नंतर. तुम्ही जिन्यात सांगितलंत आधी.

एक आभार मात्र ह्या सगळ्यापेक्षा वेगळे आहेत. तुम्ही प्लॅटफॉर्मवर फोन खिशातून काढत नाही, हे मी कधीचं बघत होते. मी एकदा सहज विचारलं आणि तुम्ही सांगितलंत. रूळ ओलांडणारी माणसं. कानात वायर, मान खाली. कॅबमधून तुम्हाला ती आधी दिसायची, ब्रेक मारलेला असायचा, हॉर्नवरचा हात उचललेला नसायचा, आणि बारा डब्यांची गाडी पाहिजे तिथे उभी राहत नाही. किती जण, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. एवढं म्हणालात, "शेवटच्या क्षणी एखादा वर बघतो." मग उठून चहा टाकलात. दोघांनी तो न बोलता प्यायला. ज्या गोष्टी तुम्ही घरातही बोलला नसाल, त्यातली एक माझ्या फालतू फोनसाठी तुम्ही काढून दिलीत. त्या दिवसापासून पूल चढताना, उतरताना माझा फोन पर्समध्ये असतो, चेन लावून. इथे मी मिनिटही मोजत नाही.

इकडची खबर. लेक चौथीत गेली. भाड्याच्या घराच्या खिडकीतून रूळ दिसतात, सिग्नल एकच दिसतो, पण ती दात घासताना त्याचा रंग ओरडून सांगते. काल मी जेवताना फोनकडे बघितलं तर म्हणाली, "आई, दोन पिवळे." तुमचीच शिकवण, आणखी काय. बिल्डरने पुढच्या दिवाळीची तारीख दिली आहे. तो सिग्नल कुठल्या रंगाचा धरायचा ते तुम्हीच सांगा.

आणि एक विचारायचं राहिलंय. शेवटची गाडी कारशेडला लावून, किल्ली काढून तुम्ही उतरलात, त्यानंतर किती दिवस हाताला ते हँडल लागत होतं? माझा हात अजून रात्री साडेदहाला उशीखाली जातो. फोन तिथे नसतो, तो स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे असतो, तरी जातो. मग मी अंधारात पडल्या पडल्या दोन मिनिटं मोजते. दिवसाचं एक आता सोपं झालंय. रात्रीची दोन अजून लांब वाटतात.

कळवा. पत्रानेच कळवा, बिल येणार नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची

ता. क. आमटी-भाताचं तुमचं पातेलं अजून माझ्याकडेच आहे. सामान हलवताना ते मुद्दाम माझ्या पिशवीत ठेवलं. रिकामं पाठवायचं नाही आणि चिपळूणपर्यंत आमटी टिकायची नाही, तेव्हा दिवाळीत तुम्हीच या.