औषधांच्या चुका आणि निलंबनाचे आदेश: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

चुकीचे औषध दिले गेल्याने रुग्ण दगावला की पुढचा क्रम ठरलेला असतो. चौकशी समिती बसते, पाळीवर असलेल्या परिचारिकेचे निलंबन होते आणि अहवाल कपाटात जातो. चूक कोणाच्या हातून झाली हे त्या अहवालात नेमके लिहिलेले असते. ती घडणे इतके सोपे कशामुळे झाले होते, याची नोंद मात्र क्वचितच सापडते.

तीव्र पोटॅशियम क्लोराइडचेच पाहा. हे द्रव्य पुरेशा सलाइनमध्ये मिसळून शिरेतून सावकाश द्यायचे असते. न मिसळता थेट टोचले तर हृदय बंद पडू शकते. त्याची कुपी इंजेक्शनच्या पाण्याच्या कुपीसारखी दिसत असेल, दोन्ही एकाच खणात ठेवलेल्या असतील आणि रात्रपाळीत एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड सोपवलेला असेल, तर ‘लेबल काळजीपूर्वक वाचावे’ या परिपत्रकाचा उपयोग फार थोडा आहे. कारण घाईत डोळ्यांना अपेक्षित तेच दिसते आणि आपण लेबल वाचले अशी तिची प्रामाणिक समजूत असते. अनेक रुग्णालयांनी ही कुपी सर्वसाधारण वॉर्डांतून हलवली आणि आधीच मिसळलेल्या पिशव्या तेथे पाठवायला सुरुवात केली. कुपी हाताशीच नसेल, तर ती चुकून टोचली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाबाबतही हेच घडले आहे. ते शिरेतून द्यायचे असते. मणक्यातील द्रवात गेले तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. तरीही मणक्यात द्यायच्या दुसऱ्या औषधाशेजारी तशाच सिरिंजमध्ये भरून ठेवल्यामुळे वेगवेगळ्या देशांत हे मृत्यू पुन्हापुन्हा झाले. ते सिरिंजऐवजी सलाइनच्या लहान पिशवीतून द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस म्हणूनच मोलाची आहे, कारण पिशवी मणक्याच्या सुईला जोडावी असे सहसा कोणाच्याही मनात येत नाही.

लिहिण्यातल्या चुका दिसायला किरकोळ, पण तितक्याच जीवघेण्या असतात. इन्सुलिनच्या ‘युनिट’साठी इंग्रजी अक्षर घाईने लिहिले की ते शून्यासारखे वाचले जाते आणि मात्रा दहापट होते, १.० मधला दशांश बिंदू पुसट असला तरी परिणाम तोच. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चिठ्ठीवर वार लिहिलेला नसेल तर रुग्ण ते रोज घेतो आणि त्याच्या अस्थिमज्जेचे काम बंद पडण्याची वेळ येते.

यावर उपाय म्हणून संगणक खरेदीचा प्रस्ताव आपल्यापुढे येईलच. बारकोड आणि संगणकीय चिठ्ठ्यांनी चुका घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे त्या खरेदीला माझा विरोध नाही. मात्र पडद्यावर ऊठसूट इशारे झळकू लागले की माणसे ते न वाचताच बंद करतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१७ साली एका परिचारिकेने औषधांच्या संगणकीय कपाटावर नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केली, यंत्राची नेहमीची अडवणूक ओलांडली आणि गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध बाहेर काढले. रुग्णाचा मृत्यू झाला. आपली चूक तिने स्वतःच सांगितली होती. २०२२ मध्ये न्यायालयाने तिला निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले. तिचा दोष कितीही मोठा मानला, तरी असा निकाल ऐकून इतर परिचारिकांनी गप्प राहण्याचा धडा घेतला तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत, आणि हे गप्प राहणेच मला सर्वांत धोक्याचे वाटते. चुकीची कुपी हातात आली पण टोचण्याआधी लक्षात आली, असे प्रसंग मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक असतात. ते कोणी सांगितलेच नाहीत, तर रुग्ण दगावेपर्यंत त्या खणाकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

विमान वाहतुकीत या अडचणीवर १९७६ मध्ये अमेरिकेत तोडगा निघाला. वैमानिकांनी आपल्या चुका कारवाई करणाऱ्या नियामकाऐवजी नासा या अंतराळ संस्थेला कळवायच्या, आणि तिने नावे काढून त्यांतून सर्वांना सावध करायचे, अशी ती व्यवस्था आहे. औषधांच्या चुकांसाठी तशीच स्वतंत्र यंत्रणा आपण कायद्याने उभी करावी, आणि प्रामाणिकपणे कळवलेल्या चुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई होणार नाही असे संरक्षण त्याच कायद्यात द्यावे. जाणूनबुजून केलेले कृत्य, नशेत केलेले काम आणि लपवाछपवी यांना अर्थातच त्यातून वगळावे.

कायद्याला वेळ लागेल, हे समजू शकतो. तीव्र पोटॅशियमच्या कुपी सर्वसाधारण वॉर्डांतून हलवण्यासाठी मात्र आपल्या सहीचा एक आदेश पुरेसा आहे. त्याच आदेशात चौकशी अहवालाच्या नमुन्यात आणखी एक रकाना घालावा: या घटनेनंतर औषधाची जागा, वेष्टन, चिठ्ठी किंवा पाळीवरील मनुष्यबळ यांत कोणता बदल केला आणि तो इतर रुग्णालयांना कोणत्या तारखेला कळवला. हा रकाना कोरा असलेला अहवाल आपल्या कार्यालयाने स्वीकारू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक रुग्णालयीन औषधनिर्माता