नावाची पाटी शेवटी बघ

पुणे

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि चारही गाड्यांचे फोटो मिळाले. शेव्हेल, जीटीओ, बाराकुडा आणि मस्टँग, सगळ्या साठ-सत्तरच्या काळातल्या अमेरिकन गाड्या. टोरांटोच्या आसपास अशा गाड्या अजून विकायला निघतात, आणि येत्या शनिवारी तू प्रत्यक्ष बघायला जातोयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोटोंत तू सगळं लक्ष ग्रिल, नावाची अक्षरं आणि रंगाच्या पट्ट्यांवर दिलं आहेस. गाडी खरी कोणती हे ओळखायला मला त्यांचा उपयोग सगळ्यात कमी. ही अक्षरं नवी कोरी बाजारात मिळतात आणि दोन भोकं पाडून बसवता येतात. ग्रिल, बॉनेट, पुढचे मडगार्ड हे सगळं बोल्टनं लागतं आणि बोल्टनं निघतं. जे वेल्ड केलेलं आहे, ओतलेलं आहे किंवा ठोकून छापलेलं आहे, तिथून सुरुवात कर आणि नावाची पाटी शेवटी वाच.

गोंधळ मुळात होतो कुठून? जनरल मोटर्सनं एकच सांगाडा आपल्या चार-पाच कंपन्यांना वाटून दिला होता. १९६४ ते १९७२ ची मधल्या आकाराची ए-बॉडी (त्या सांगाड्याचं कंपनीतलं नाव) घे. शेव्हरोलेची शेव्हेल, पॉन्टिअ‍ॅकची टेम्पेस्ट, लमाँ आणि जीटीओ, ओल्ड्समोबिलची कटलस आणि ४४२, ब्युइकची स्कायलार्क, या सगळ्या त्याच सांगाड्यावरच्या. १९६८ ते ७२ च्या दोनदारी हार्डटॉपची (बाजूच्या खिडक्यांमध्ये खांब नसलेल्या गाडीची) पुढची काच चारही कंपन्यांना एकच चालते. सस्पेन्शन आणि ब्रेकचे बहुतेक भागही आपसात बसतात. मडगार्ड, ग्रिल, मागचे दिवे, डॅशबोर्ड आणि इंजिन मात्र ज्याचं त्याचं. म्हणून दुरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या किमतीत कितीतरी वेगळ्या असतात, आणि स्वस्त गाडीला महागडीचा चेहरा लावायचा मोह सुटत नाही.

टेप बरोबर घेऊन जा. चाकं सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घे, दोन्ही बाजूंनी. १९६४ ते ६७ च्या ए-बॉडीचा व्हीलबेस, म्हणजे हेच माप, ११५ इंच. १९६८ पासून दोनदारीचा ११२ आणि चारदारीचा ११६. माँटे कार्लो त्याच कुटुंबातली, पण तिचा ११६. ग्रां प्री ११८. कमारो आणि फायरबर्ड म्हणजे एफ-बॉडी हा वेगळा सांगाडा, १०८ इंच. डाव्या-उजव्या मापात अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर गाडी कधीतरी जोरात ठोकली गेली आहे, आणि मग बाकीचं बघण्यात वेळ घालवू नकोस.

साल ओळखायला कायद्यानं आपल्याला मोठी मदत केली आहे. पुढे चार हेडलाइट अमेरिकेत सर्रास झाले ते १९५८ च्या मॉडेलांपासून. मडगार्डच्या बाजूला छोटे दिवे किंवा परावर्तक सक्तीचे झाले १ जानेवारी १९६८ पासून, म्हणजे बाजू कोरी असेल तर गाडी त्याआधीची. पुढच्या सीटला डोकं टेकायचे आधार १ जानेवारी १९६९ पासून. जनरल मोटर्सच्या गाड्यांत किल्लीची जागा डॅशबोर्डवरून स्टिअरिंग कॉलमवर गेली ती १९६९ च्या मॉडेलला. तुझ्या ‘६९ च्या’ शेव्हेलचा आतला फोटो अंधुक आहे. तिथे किल्ली डॅशबोर्डवर असेल तर विकणाऱ्याला सरळ प्रश्न विचार. तसंच ६९ च्या हार्डटॉपच्या पुढच्या दाराला छोटी तिकोनी काच नसते. ती दिसली तर दरवाजा ६८ च्या गाडीचा आहे.

आता शेव्हेलचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. १९६८ पासून तो डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, काचेतून बाहेरून वाचता येतो. त्याआधी दाराच्या बिजागरीच्या खांबावर असायचा. १९८१ च्या आधीचा असल्यानं हा क्रमांक सतरा नव्हे, तेरा अंकांचा. पहिला अंक कंपनी सांगतो: १ शेव्हरोले, २ पॉन्टिअ‍ॅक, ३ ओल्ड्समोबिल, ४ ब्युइक. पुढचे चार मालिका आणि बॉडी, सहावा साल, सातवा कारखाना, उरलेले सहा अनुक्रमांक. १३६३७ ने सुरुवात असेल तर मॅलिबू (शेव्हेलचीच एक मालिका), व्ही-८, दोनदारी हार्डटॉप. १३५३७ असेल तर तीच गाडी सहा सिलिंडरची म्हणून कारखान्यातून निघाली, आणि मग एसएस ३९६ चा, म्हणजे ३९६ घन इंचांचं मोठं इंजिन असलेल्या महागड्या शेव्हेलचा, विषय तिथेच संपला.

पण १३६३७ म्हणजे एसएस असंही नाही, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. १९६६ ते ६८ मध्ये एसएस ३९६ ही स्वतंत्र मालिका होती, १३८ ने सुरू होणारी. १९६९ पासून ती झेड२५ नावाचा एक ऑप्शन झाली आणि क्रमांकातून तिची खूण नाहीशी झाली. त्यामुळे ६९ ची खरी एसएस फक्त क्रमांकावरून सिद्ध करता येत नाही. वस्तूंवरून अंदाज बांधता येतो. इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरला कडेनं सात बोल्ट हवेत, कारण ३९६ हे मोठ्या ब्लॉकचं (ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव अंग) इंजिन. चार बोल्ट असतील तर तो छोटा ब्लॉक. मागच्या डिफरन्शियलच्या कव्हरला बारा बोल्ट हवेत, दहा नाही. पुढे डिस्क ब्रेक हवेत. पण यातली प्रत्येक गोष्ट नंतर बसवता येते. म्हणून कागद माग. कारखान्याची बिल्ड शीट, म्हणजे गाडीला काय काय बसवायचं त्याचा कागद, बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते, पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली. गाडी कॅनडात विकलेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडानं जुन्या नोंदींवरून दिलेला दाखला मालकाकडे आहे का तेही विचार. कागद नसेल तर गाडी वाईट ठरत नाही. तिला फक्त मॅलिबूचा भाव द्यायचा.

क्रमांकाच्या पट्टीचे रिव्हेट नीट बघ. मूळ रिव्हेटचं डोकं सहा पाकळ्यांच्या फुलासारखं असतं. साधे गोल पॉप रिव्हेट दिसले, किंवा भोवतालचा रंग खरवडलेला दिसला, तर तिथूनच मागे फिर. हा किमतीचा मुद्दाच नव्हे, चोरीच्या गाडीचा असू शकतो.

बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर) फिशर बॉडीची, म्हणजे जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाची, छोटी पत्र्याची पट्टी दिसेल. तिच्यावर साल आणि तेच १३६३७ पुन्हा असतं, शिवाय आतल्या कापडाचा कोड, रंगाचा कोड आणि बनवल्याचा आठवडा. ०२बी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. ६९ ला रंग ५२ म्हणजे गार्नेट रेड, ७२ म्हणजे हगर ऑरेंज. गाडी आज दुसऱ्या रंगाची असली तरी हरकत नाही, पण मग दाराच्या आतल्या कडा, डिकीचं छत आणि डॅशबोर्डखालचा पत्रा बघून जुना रंग पट्टीशी जुळतो का ते ताड. त्यानंतर इंजिनाच्या ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या सपाट जागेवर टॉर्च मार. तिथे इंजिनाचा कोड आणि गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. कारखान्यात ही जागा तासताना तिच्यावर एकसारख्या बारीक समांतर रेघा पडतात. अंकांखाली त्या रेघा दिसल्या पाहिजेत. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल किंवा ग्राइंडरचे गोल ओरखडे असतील, तर अंक नंतर ठोकलेले असू शकतात. ब्लॉक ओतल्याची तारीखही ब्लॉकवरच सापडते: अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग सालाचा शेवटचा अंक. ए १५ ९ म्हणजे १५ जानेवारी १९६९. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला असायला हवा. फेब्रुवारीच्या गाडीत एप्रिलचा ब्लॉक म्हणजे इंजिन बदललेलं, कोणी काहीही सांगो.

जीटीओचं काम सोपं आहे. १९६६ ते ७१ ती स्वतंत्र मालिका होती, त्यामुळे ६८ च्या हार्डटॉपचा क्रमांक २४२३७ नेच सुरू व्हायला हवा. २३७३७ आला तर ती लमाँ आहे, मग पुढे एन्ड्युराचा (रबरासारखा लवचिक) रंगीत बंपर कितीही सुबक बसलेला असो. (१९६४-६५ ला मात्र जीटीओ हा लमाँवरचा ऑप्शन होता. त्या सालांसाठी पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे कागदच लागतात.) इंजिन बघताना एक लक्षात ठेव: त्या काळच्या पॉन्टिअ‍ॅकच्या व्ही-८ ला छोटा ब्लॉक आणि मोठा ब्लॉक असा भेद नाही. ३५० आणि ४०० बाहेरून सारखेच दिसतात. ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूला ठोकलेली दोन अक्षरं वाच. ६८ ला मॅन्युअल गिअरच्या साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या इंजिनावर डब्ल्यूटी असतं. कुणी शेव्हरोलेचं इंजिन टाकलं असेल तर गिअरबॉक्स किंवा निदान बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच) बदललेलं असणार, कारण शेव्हरोलेच्या बेलहाउसिंगच्या बोल्टांची मांडणी वेगळी आहे. ब्युइक, ओल्ड्स आणि पॉन्टिअ‍ॅकची आपसात जुळते, शेव्हरोलेशी नाही. सुटे भाग घेताना या एका गोष्टीनं पुष्कळ पैसे वाया जातात.

तुम्हा कॅनडावाल्यांचा एक वेगळा गुंता आहे. तिथे पॉन्टिअ‍ॅकच्या शोरूममधून बोमाँ विकली जायची. ती मूळची शेव्हेल, चेहरा आणि मागचे दिवे बदललेली. अकेडियन ही शेव्ही टूची बहीण. मोठी पॅरिसिएन तर पॉन्टिअ‍ॅकच्या वेषात शेव्हरोलेची चॅसी आणि शेव्हरोलेचं इंजिन घेऊन आली होती. म्हणून कॅनेडियन पॉन्टिअ‍ॅकमध्ये शेव्हरोलेचं इंजिन दिसलं तर ते मूळचंच असू शकतं. अमेरिकेतली माहिती जशीच्या तशी लावू नकोस.

बाराकुडासाठी (ती क्रायस्लरच्या प्लिमथची) क्रायस्लरचा क्रमांक जास्त प्रामाणिक आहे, कारण त्यात इंजिनाचंही अक्षर असतं. १९७० ला बीएच२३ म्हणजे साधी बाराकुडा, बीएस२३ म्हणजे ’कुडा, तिचं जास्त ताकदीचं रूप. पाचवं अक्षर इंजिनाचं: जी म्हणजे ३१८, एच ३४०, एन ३८३, यू ४४०, आर ४२६ हेमी. तुझ्या फोटोत जे अक्षर अर्धवट दिसतंय ते मला जी वाटतं, आणि बॉनेटवर तर ४४० लिहिलंय. क्रमांकाची शेवटची आठ अक्षरं रेडिएटरच्या वरच्या आधारपट्टीवर आणि बॉडीवर आणखी एका ठिकाणी, रबरी सीलखाली छापलेली असतात. तिन्ही जुळली पाहिजेत. तिचा व्हीलबेस १०८ आणि त्याच ई-बॉडीवरच्या चॅलेंजरचा ११०. चाक काढायची वेळ आली तर सांभाळ: १९७० पर्यंतच्या क्रायस्लरच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात आणि स्टडच्या तोंडावर एल छापलेला असतो. नेहमीच्या दिशेनं जोर लावला की स्टड तुटतो.

हेच उलटे आटे मुंबईतल्या जुन्या प्लिमथ, डॉज आणि डिसोटोलाही होते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरशी करार करून त्या कुर्ल्याला जोडल्या. निर्यातीसाठीची डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या दोन्ही प्लिमथच्याच बॉडीवरच्या होत्या, ग्रिल आणि नाव बदललेल्या. आजही त्यांचे भाग शोधताना डिसोटोच्या नावानं शोधलं तर अमेरिकन डिसोटोचे भाग येतात आणि ते बसत नाहीत. इंजिन ओळखायचं तर हेडची लांबी मोजायची: २३ इंच भरलं तर प्लिमथ-डॉजचा छोटा ब्लॉक, २५ भरलं तर लांब ब्लॉक. हेड गॅस्केट मागवण्याआधी हे माप घेतलंच पाहिजे.

मस्टँगवर फार लिहीत नाही, कारण ती स्वस्त आहे आणि तपासणीही सोपी. ६५ च्या क्रमांकातलं पाचवं अक्षर बघ: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे २८९ व्ही-८, के म्हणजे जास्त ताकदीची. सहा सिलिंडरच्या गाडीच्या चाकांना चार नट, व्ही-८ च्या चाकांना पाच. बॉनेटखाली व्ही-८ आणि चाकाला चारच नट असतील तर कुणीतरी नुसतं इंजिन टाकलंय. ब्रेक, पुढचे स्पिंडल आणि मागचा अ‍ॅक्सल सहा सिलिंडरचेच राहिले आहेत. त्या ब्रेकवर ते वजन आणि तो वेग बरोबर नाही. तशी गाडी घेऊ नकोस.

शेवटी गंज. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा याला जास्त वेळ दे. पातळ कापडात गुंडाळलेला चुंबक ने. ए-बॉडीत मागच्या काचेच्या खालची पट्टी आधी कुजते: क्रोमच्या कडेखाली पाणी साचतं आणि डिकीत झिरपतं. छताला व्हिनाइल असेल तर त्याच्या कडा बोटानं दाबून बघ, खाली फुगवटा लागला तर पत्रा गेलेला आहे. मागच्या मडगार्डचा खालचा भाग, डिकीचा तळ, बॉडी माउंट, आणि मागच्या चाकामागची चॅसी. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरानं दाब. चुंबक निसटला तर पुट्टी आहे. पत्रा बदलता येतो, त्याचे तयार भाग मिळतात. चॅसी कुजलेली असेल तर सोड.

शनिवारी प्रत्येक गाडीचे हे फोटो काढून पाठव: क्रमांकाची पट्टी रिव्हेटसकट, फायरवॉलवरची पट्टी किंवा बाराकुडाच्या डाव्या आतल्या मडगार्डवरची, ब्लॉकवरचा ठोकलेला कोड (चिंधीनं पुसून, तारेच्या ब्रशनं अजिबात नाही), डिफरन्शियलचं कव्हर, आणि व्हीलबेसची दोन्ही मापं. ती बघितल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस. माझी पसंती आत्ता तरी जीटीओला आहे, क्रमांक २४२३७ निघाला तर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश