डब्यात सुपारी नाही

सोलापूर

चि. राजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, सिगारेट सुटायला दुकानात काही जडीबुटी आहे का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. तू ओढतोस हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि सोडायची आहे हेही. मी रागावलेलो नाही.

तीस वर्षं काष्ठौषधी विकतोय, म्हणून खरं ते सांगतो. तलफ मुळापासून उपटून काढेल असं एकही चूर्ण माझ्याकडे नाही. सुरुवातीला मीही लोकांना पुड्या बांधून दिल्या. महिन्याभराने तीच माणसं समोरच्या टपरीवर दिसायची. मग देणं बंद केलं.

सोबत डबा पाठवलाय. भाजलेली बडीशेप, ओवा, लवंगा, आवळकाठी. तलफ उसळते ती चार-पाच मिनिटं. तेवढा वेळ तोंड गुंतवायला हे आहे, त्याहून जास्त आशा ठेवू नकोस. सुपारी मुद्दाम घातली नाही, तिच्यानेही तोंडाचा कॅन्सर होतो. ज्येष्ठमध घातलं होतं, परत काढून घेतलं. कंपनीच्या तपासणीत तुझं बीपी वाढलेलं निघालं होतं ना? रोज चघळलं तर ज्येष्ठमधाने ते आणखी चढतं. आणि कुणी हर्बल सिगारेट दिली तर घेऊ नकोस. तंबाखू जाळा की तुळस, टार आणि कार्बन मोनॉक्साइड धुरात असतातच.

वनस्पतीतून आलेलं एक औषध मात्र कसोटीला उतरलंय, सायटिसिन. लॅबर्नम नावाच्या झाडापासून काढतात. बल्गेरियात 1964 पासून त्याच्या गोळ्या आहेत. पण ते मोजून-मापून दिलेलं औषध आहे. झाड विषारीच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑनलाइन काही मागवू नकोस.

निकोटिनच्या च्युइंगगमबद्दलही त्यांना विचार. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचं, नाहीतर 2 चं. साध्या गमसारखं सारखं चावायचं नाही. हळूहळू चावायचं, जिभेला झणझण लागली की गालात दाबून ठेवायचं, ती ओसरली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा नको, गालातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. तुझी सिगारेट तर चहासोबतच असणार! सुरुवातीचे आठ दिवस चहा टपरीवर न पिता ऑफिसातच पी.

सरकारी हेल्पलाइनचा नंबर 1800-11-2356, पैसे पडत नाहीत. तुझ्या पाकिटावरच छापलेला असेल, बघ.

पहिले तीन दिवस फार जड जातील. चिडचिड होईल, झोप उडेल. त्या रात्री कितीही वाजता फोन कर, मी उशाशीच ठेवणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

डबा संपत आला की कळव.

तुझा,
बाबा