फसलेल्या अभिक्रियांचीही नोंद हवी

संपादक महोदय,

विद्यापीठांतील संशोधनावर चर्चा होते तेव्हा शोधनिबंध किती, पेटंटे किती, एवढेच विचारले जाते. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विभागात मी 31 वर्षे काढली, आधी विद्यार्थिनी आणि मग अध्यापिका म्हणून. त्या अनुभवावरून विभागातल्या एका दुर्लक्षित वस्तूबद्दल लिहीत आहे. ती म्हणजे प्रयोगाची वही.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझी एक साधी अभिक्रिया अचानक बिघडली. ॲसिड क्लोराइड आणि अमाइन यांपासून अमाइड करायचे होते. अमाइनवर नायट्रो गट असल्याने ते मंद होते, तरी 80 टक्क्यांच्या आसपास उत्पादन मिळत असे. एका आठवड्यात ते निम्म्यावर आले आणि टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) वरच्या बाजूला एक नवा ठिपका दिसू लागला. एनएमआर (रेणूची रचना ओळखण्याचा आलेख) काढला, तर त्याच्या मोजपट्टीवर 4.1 पीपीएमच्या आसपास चार रेषांचा आणि 1.2 च्या आसपास तीन रेषांचा संकेत. सगळे म्हणाले, "एथिल ॲसिटेट हा द्रावक राहिलाय, उडून जाण्यासाठी निर्वात पंपावर ठेव." दोन दिवस पंपावर ठेवले. संकेत हलले नाहीत. एथिल ॲसिटेट असते तर 2.05 च्या जवळ एक उभी, एकेरी रेषा हवी. ती नव्हतीच, आणि हे माझ्या लक्षात यायला पाच आठवडे गेले.

दोष क्लोरोफॉर्मच्या, म्हणजे अभिक्रिया ज्यात करत होते त्या द्रावकाच्या, नव्या बाटलीत होता. क्लोरोफॉर्म हवा-उजेडात विघटित होऊन त्यातून फॉस्जीन तयार होतो, म्हणून त्यात स्थिरक घालतात. काही बाटल्यांत ॲमिलीन असते, काहींत इथेनॉल. आमची जुनी बाटली ॲमिलीनची, नवी इथेनॉलची. वजनाने 1 टक्का म्हटले तरी 20 मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये 6 मिलिमोलहून (मिलिमोल म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) अधिक इथेनॉल येते. माझे ॲसिड क्लोराइड होते 5 मिलिमोल! मंद अमाइनची वाट न पाहता ते इथेनॉलशी जुळून एथिल एस्टर होत होते.

माझ्या आधी हेच काम केलेल्या विद्यार्थ्याची वही मी नंतर पुन्हा उघडली. 'क्लोरोफॉर्म, 20 मिलि' एवढेच लिहिलेले. एका पानावर 'उत्पादन कमी' आणि खाली आडवी रेघ. त्यालाही ही बाटली भेटली होती असे मला आजही वाटते. पण बाटलीवरचे लेबल त्याने उतरवले नव्हते आणि फसलेला प्रयोग प्रबंधात घ्यायची कुणाची रीतच नव्हती.

ही केवळ विद्यार्थ्यांची गोष्ट नाही. 1977 साली प्रसिद्ध झालेली, क्रोमियम क्लोराइड वापरून कार्बन-कार्बन बंध जोडण्याची नोझाकी-हियामा अभिक्रिया कधी उत्तम चाले, कधी अजिबात नाही, आणि ते क्रोमियम क्लोराइड कुठून आणले यावर ठरे. 1986 मध्ये दोन गटांनी दाखवून दिले की खरे काम त्यातल्या निकेलच्या अत्यल्प भेसळीचे होते. आज ते निकेल मोजून घालतात. बाटलीचा स्रोत लिहून ठेवण्याची शिस्त नसती तर हा उलगडा कसा झाला असता?

'ऑरगॅनिक सिंथेसेस' हे 1921 पासून निघणारे नियतकालिक प्रत्येक कृती छापण्यापूर्वी संपादक मंडळातील सदस्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहते. प्रत्येक विभागाला इतके जमणार नाही, हे मी जाणते. पण पुढील गोष्टींना फारसा खर्चही नाही. द्रावकाचा उत्पादक, बॅच क्रमांक आणि स्थिरक वहीत लिहिणे सक्तीचे करावे. प्रबंधाला फसलेल्या अभिक्रियांचे परिशिष्ट असावे, आणि त्यासाठी विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी मूळ वही मागवून दोन-चार पाने तरी उलटावीत. मी परीक्षक म्हणून गेले तेव्हा मागत असे. पहिल्यांदा विद्यार्थी घाबरत, मग तास-तास बोलत, कारण एवढ्या वर्षांत फसलेल्या प्रयोगांबद्दल त्यांना कुणी विचारलेलेच नसे.

आणि एक. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की वह्या कुठल्यातरी कपाटावर चढतात आणि जागा कमी पडली की रद्दीत जातात. निवृत्त होताना माझ्या विद्यार्थ्यांच्या 23 वह्या मी अनुक्रमणिका करून विभागाकडे सोपवल्या. त्या ठेवण्यासाठी ग्रंथालयात एक फळी द्यावी, ही माझी विनंती अजून अनिर्णित आहे.

आपली,
सेंद्रिय रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका