सौर वीज: दर मीटरपाशी मोजा

माननीय संपादक,

महापालिकेच्या शाळा-रुग्णालयांनी सौर वीज गच्चीवर तयार करावी की बाहेरच्या प्रकल्पातून घ्यावी, या चर्चेत तुलनाच चुकते. बाहेरच्या प्रकल्पाचा दर सांगितला जातो तो त्याच्या फाटकापाशी. तिथून ती वीज परळच्या रुग्णालयात पोचेपर्यंत पारेषण शुल्क (उच्चदाब वाहिन्यांचे), वहन शुल्क (स्थानिक वितरण जाळ्याचे), क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेचा भार उचलण्यासाठी घेतला जाणारा) आणि वाटेतली गळती चढते. गच्चीवरच्या विजेला यातले काहीच लागत नाही.

मात्र गच्ची किती पुरते, हे आधी मोजावे. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि मुंबईत त्यातून वर्षाला 1300 ते 1400 युनिट मिळतात. शाळेच्या 3000 चौरस फूट गच्चीतून पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठड्याची सावली वजा केली की निम्मी उरते. म्हणजे 15 किलोवॉट, सुमारे 20,000 युनिट. मे महिन्यात ऊन कडक आणि शाळा बंद, तरी वीज वाया जात नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिट मार्चअखेरपर्यंत पुढे ओढता येतात, त्यामुळे मेची शिल्लक जुलैच्या ढगाळ दिवसांत कामी येते. मार्चनंतर उरलेल्या युनिटना दर कमी मिळतो, म्हणून वर्षाच्या वापरापेक्षा मोठा संच बसवूच नये.

रुग्णालयाचे गणित निराळे. सरासरी 500 किलोवॉट भार चोवीस तास असेल तर वर्षाला 43.8 लाख युनिट लागतात. गच्चीवरचे 100 किलोवॉट त्यातले जेमतेम तीन टक्के भागवतात. इथे बाहेरूनच वीज घ्यावी लागेल. 2022च्या केंद्रीय नियमांनी हरित ओपन अ‍ॅक्सेसची (म्हणजे स्थानिक वीज कंपनीऐवजी थेट बाहेरच्या प्रकल्पाकडून हरित वीज घेण्याची) किमान मर्यादा एक मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणल्याने तो मार्ग खुला आहे. करार नुसत्या सौर विजेचा नको, पवन-सौर मिश्र हवा. रात्री अतिदक्षता विभाग बंद होत नाही.

गच्चीवरचे संच बिघडतात ते साध्या कारणांनी. ब्रिकबॅट कोब्यात (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरात) ड्रिल मारून पाय रोवले की पहिल्याच पावसात वरचा मजला गळतो. काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा उभा करावा, तोही समुद्राची हवा सोसणारा गॅल्व्हनाइज्ड आणि इथल्या 44 मीटर प्रतिसेकंद मूळ वाऱ्याच्या वेगाचा हिशेब करून. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगची (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलांच्या ओळीची) वीज घटू शकते. ऑक्टोबर ते मे कबुतरांची विष्ठा आणि बांधकामाची धूळ पंधरा दिवसांनी धुवावी लागते. निविदेत हे काम बहुधा नसतेच. ते पाच वर्षांच्या देखभालीसह घालावे आणि दोन्ही पर्यायांचे दर मीटरपाशीच मागवावेत, ही विनंती.

– एक विद्युत अभियंता, दादर, मुंबई