माझे काम नेमके काय

तीर्थरूप आई-बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "तू नेमके काय करतेस म्हणून लोकांना सांगायचे?" मी विषय बदलला आणि ते आठवडाभर मनाला लागून राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी स्त्री-अभ्यास शिकवते आणि स्त्रीवादी चळवळीतल्या व समलैंगिक स्त्रियांच्या संस्कृतीचा इतिहास लिहिते. त्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्ह्ज या समलैंगिक स्त्रियांच्या कागदपत्रांच्या संग्रहात तासन्‌तास बसावे लागते. १९७४ साली सुरू झालेला हा संग्रह त्याच्या एक संस्थापक जोन नेसल यांच्या मॅनहॅटनमधल्या राहत्या घरात वाढला आणि १९९३ मध्ये स्वतःच्या इमारतीत आला. आजही तो स्वयंसेवक चालवतात. समलैंगिक बाई वारली की तिच्या डायऱ्या आणि पत्रे घरचेच लोक लाजेपोटी नष्ट करत, आणि ते थांबावे म्हणूनच तो उभा राहिला.

तिथे पुस्तके लेखिकेच्या आडनावाने नव्हे, पहिल्या नावाने लावतात, कारण आडनाव बापाचे असते, नाहीतर नवऱ्याचे. ती कपाटे पहिल्यांदा पाहिली तेव्हा, आई, मला तुमच्या लग्नातला तो फोटो आठवला: बाबा तबकातल्या तांदळात अंगठीने तुझे नवे नाव लिहीत आहेत आणि तू मान खाली घालून ते वाचते आहेस. पहिले नावही तुझे राहिले नाही, हे त्या दिवशी मला प्रथमच इतके लख्ख दिसले.

बाबा, तुम्हाला हे अमेरिकेतले खूळ वाटते. पण त्याच १९७४ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे काम सुरू झाले, आणि १९९५ मध्ये मुंबईतच समलैंगिक स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट स्थापन झाला. माझी नोकरी मात्र दरवर्षी नव्या कराराची आहे. ती काळजी तुमच्यापासून लपवणार नाही.

कोणी विचारले तर सांगा, आमची मुलगी बायकांचे जपून ठेवलेले कागद वाचते आणि त्यांचा इतिहास लिहिते. 'समलैंगिक' हा शब्दही उच्चारता आला, तर मला फार बरे वाटेल.

आई, माहेरच्या नावाची तुझी शाळेची वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, ती रद्दीत घालू नकोस. मी डिसेंबरमध्ये येते आहे. बाबांनी स्टुलावर चढू नये, ट्रंक मीच उतरवीन.

तुमची,
धाकटी