टोनीचं नावही घ्या

संपादक महोदय,
अमेरिकेत लग्न झालेल्या बायकांना मालमत्तेचा हक्क देणारा अगदी सुरुवातीचा कायदा मिसिसिपीचा, 1839 चा, हे कौतुकाने सांगतात पण त्याआधीची कोर्टकेस कोणी सांगत नाही. बेट्सी लव्ह अ‍ॅलन ही चिकासॉ या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीतली बाई, नवऱ्याच्या कर्जासाठी जप्ती आली तेव्हा 1837 ला कोर्टाने सांगितलं की चिकासॉ रिवाजात बायकोचं ते बायकोचंच. पण ती मालमत्ता म्हणजे टोनी नावाचा गुलाम, एक जिवंत माणूस होता, जो तिने मुलीला देऊन टाकलेला! टोनीचं नाव प्रत्येक वेळी घेतलंच पाहिजे. 1839 च्या कायद्यातली बहुतेक कलमंसुद्धा गुलामांबद्दलच आहेत आणि त्यांच्यावरचा ताबा, त्यांच्या श्रमाचं उत्पन्न, दोन्ही नवऱ्याकडेच ठेवलंय.

– एक वाचक